घरगुती बिनतारी जालजोडणीतील अस्थैर्य : कारणमीमांसा व निदानपद्धती

प्रस्तावना

‘नेट गेले’ हा शब्दप्रयोग आज मराठी घरात ‘वीज गेली’, ‘पाणी गेले’ यांच्याइतकाच रुळला आहे. मात्र वीज गेली असता ती आपल्याच घरातील गेली की संपूर्ण गल्लीतील, हे आपण खिडकीतून डोकावून पाहतो, शेजाऱ्यास विचारतो, फ्यूज तपासतो आणि त्यानंतरच वीज कार्यालयास दूरध्वनी करतो. जालजोडणी खंडित झाली असता अशी पडताळणी क्वचितच केली जाते. राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे, केबलचालकास दूरध्वनी करणे आणि तेवढ्याने न भागल्यास अधिक वेगाची, म्हणजेच अधिक भाड्याची योजना घेणे, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. या तिन्ही कृती प्रसंगी उपयुक्त ठरतात. परंतु त्या दोषाचे निदान होण्यापूर्वीच केल्या जातात, हे येथे प्रकर्षाने नोंदवावेसे वाटते.

अध्यापकवर्गाच्या दृष्टीने हा विषय केवळ घरगुती सोयीचा राहिलेला नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अध्यापन एकाएकी घरातून करावे लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुतांशी ऑनलाइन पद्धतीने झाल्या. टाळेबंदी उठली, तरी उजळणी वर्ग, चर्चासत्रे, संशोधन समितीच्या बैठका व काही मौखिक परीक्षा दूरदृश्य पद्धतीने होतच आहेत. अशा प्रसंगी वीस सेकंदांचा खंडही विद्यार्थ्याच्या गुणांवर अथवा अध्यापकाच्या निवडीवर परिणाम करू शकतो. प्रस्तुत लेखक भूगोलाचा अध्यापक आहे, अभियंता नव्हे. तथापि दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची आवश्यकता नसते; पद्धतशीर निरीक्षण व नोंद पुरेशी असते, आणि ती सवय आपणा सर्वांस आहेच.

एक जोडणी, तीन टप्पे

आपल्या संगणकापासून इच्छित संकेतस्थळापर्यंतचा मार्ग सलग भासत असला तरी तो किमान तीन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संगणक अथवा मोबाइलपासून घरातील राउटरपर्यंतचा; हा बिनतारी असून यालाच वाय-फाय म्हणतात. दुसरा टप्पा राउटरपासून सेवा पुरवठादाराच्या केंद्रापर्यंतचा; हा आज शहरांत व अनेक गावांत काचतंतूचा, म्हणजे फायबरचा असतो. तिसरा टप्पा त्या केंद्रापासून जगातील कोणत्याही संगणकापर्यंतचा. यावर आपले काहीही नियंत्रण नसते व सुदैवाने दोषही तेथे क्वचित असतो.

या विभागणीतून काही गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या वाय-फायच्या पट्ट्या केवळ पहिल्या टप्प्याची स्थिती दर्शवितात. गल्लीतील तार तुटलेली असतानाही त्या पूर्ण भरलेल्या दिसतात. याउलट, पुरवठादार ज्या वेगाचे भाडे घेतो तो दुसऱ्या टप्प्याचा वेग असतो. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान वेगाची अट २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट प्रतिसेकंद होती. जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिट करण्यात आली. प्रत्यक्षात ५० वा १०० मेगाबिटच्या योजना आज सामान्य आहेत, आणि चित्रासह चालणाऱ्या सभेस २ ते ४ मेगाबिट पुरतात. म्हणजे १०० मेगाबिटची योजना असूनही सभा तुटत असेल, तर २०० मेगाबिटची योजना घेऊन ती जुळण्याची शक्यता अत्यल्प आहे. (जाता जाता : योजनेतील आकडा बिटांचा असतो, बाइटांचा नव्हे. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर धारिका सेकंदास साडेबारा मेगाबाइटच्या गतीने उतरली तर ती फसवणूक नाही.)

निदानाची पहिली कसोटी

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरविण्यासाठी ‘पिंग’ नावाची एक साधी आज्ञा प्रत्येक संगणकात उपलब्ध असते. तिच्याद्वारे आपला संगणक एखाद्या दूरच्या यंत्रास छोटासा संदेश पाठवतो, त्याचे उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले ते सांगतो आणि किती उत्तरे आलीच नाहीत याचीही गणती करतो. विंडोज प्रणालीत आज्ञेची काळी खिडकी उघडून ‘पिंग’, त्यानंतर पत्ता व त्यानंतर ‘-टी’ हे अक्षर अर्थातच रोमन लिपीत लिहिल्यास ही विचारणा आपण थांबवेपर्यंत चालू राहते.

अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. पहिलीत राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ अथवा १९२.१६८.०.१ असतो व राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. दुसरीत बाहेरील कायम चालू असणारा एखादा पत्ता द्यावा. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ८.८.८.८ ही सेवा त्यासाठी सोयीची आहे. मग काम करत राहावे व जोडणी डळमळू लागताच दोन्ही खिडक्यांकडे पाहावे.

राउटरची उत्तरे १ ते ५ मिलिसेकंदांत नियमित येत आहेत, परंतु बाहेरील उत्तरे थांबली आहेत, असे दिसल्यास वाय-फाय निर्दोष असून दोष तारेचा अथवा पुरवठादाराचा आहे. राउटरचीच उत्तरे कधी ४, कधी ३००, कधी ‘विनंतीची वेळ संपली’ अशी येत असल्यास दोष आपल्या घरात, हवेत आहे. पुरवठादारास कितीही दूरध्वनी केले तरी तो तेथून दुरुस्त होणार नाही. दोन्ही खिडक्या सुरळीत असून केवळ एकच संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष तिसऱ्या टप्प्यातील समजावा. क्वचित असेही होते की दोन्हीकडून उत्तरे येतात, मोबाइलवरील संदेश येतात-जातात, मात्र नवे संकेतस्थळ एकही उघडत नाही. अशा वेळी नावाचे अंकीय पत्त्यात रूपांतर करणारी सेवा, जिला डीएनएस म्हणतात, ती अडलेली असते. राउटरमध्ये तिचा पत्ता बदलून पाहिल्यास हा प्रश्न बहुधा सुटतो.

ही चाचणी शक्यतो संगणकावर, आणि तोही चार्जरला जोडलेला असताना करावी. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल आपले रेडिओयंत्र क्षणाक्षणाला निजवतो, त्यामुळे त्यावरील उत्तरे निष्कारण उशिरा येतात व निदान चुकण्याचा संभव असतो.

याहूनही खात्रीची कसोटी म्हणजे संगणक राउटरला तारेने जोडणे. तारेने सर्व सुरळीत चालले व तार काढताच बिघाड झाला, तर यापुढे तर्क करण्याचे कारण उरत नाही. तारेनेही बिघाड कायम राहिल्यास पुढील विभाग पाहावा.

तारेच्या बाजूचे दोष

या बाजूचे दोष संख्येने थोडे व तुलनेने सरळ आहेत. फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’ अशी खूण असलेला दिवा असतो. तो लाल झाल्यास तंतूतून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ होतो व तंत्रज्ञाशिवाय गत्यंतर नसते. दिवा लाल नसला तरी प्रकाश क्षीण झालेला असू शकतो. यंत्राच्या माहितीपृष्ठावर येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएम या एककात दिलेली असते. ती उणे २७ च्या आसपास वा त्याखाली गेली असल्यास जोडणी अधूनमधून तुटणे स्वाभाविक आहे. घरातील तंतू खिळ्याभोवती गुंडाळलेला, दाराच्या फटीत चिरडलेला अथवा काटकोनात वळवलेला असणे हे त्याचे नेहमीचे कारण. तांब्याची तार वाकवली तरी वीज वाहते. काचेतील प्रकाश मात्र तीव्र वळणावर बाहेर निसटतो. (तंतूचे उघडे टोक डोळ्यासमोर धरून पाहू नये, त्यातील प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, परंतु नेत्रपटलास तो अपायकारक ठरू शकतो.)

दुसरे कारण विजेचे. इन्व्हर्टर असलेल्या घरांत वीज जाताना वा येताना क्षणभराचा खंड पडतो. पंख्यास तो जाणवत नाही. राउटर मात्र नव्याने सुरू होतो व पूर्ववत होण्यास दोन-तीन मिनिटे घेतो. राउटर किती काळ सलग चालू आहे हे त्याच्या माहितीपृष्ठावर ‘अपटाइम’ या शीर्षकाखाली दिसते. आपण बंद न करताही हा आकडा दिवसातून अनेकदा शून्यावर येत असेल तर वीजपुरवठा अथवा जुना झालेला ॲडॉप्टर तपासावा. केवळ राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीसंच येथे नव्या राउटरपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

तिसरे कारण सहसा कोणाच्याच लक्षात येत नाही. आपले व्याख्यान चालू असताना घरातील दुसरा एखादा मोबाइल लग्नसमारंभाची शेकडो छायाचित्रे गुपचूप दूरच्या साठ्यात पाठवत असतो. बाहेर जाणारा मार्ग त्यामुळे भरून जातो, राउटरमध्ये संदेशांची रांग लागते आणि आपला आवाज त्या रांगेत अडकतो. बाहेरील पिंग २० मिलिसेकंदांवरून अचानक ४०० वर गेली, पण उत्तर एकही गळाले नाही, तर ही रांग समजावी. बोलण्यातील उशीर एकेरी दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे दोन माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. छायाचित्रांचे स्वयंचलित प्रेषण रात्रीच्या वेळेवर टाकणे हा यावर विनामूल्य उपाय होय.

लहरी, भिंती आणि अंतर

दोष पहिल्या टप्प्यात असल्याचे निश्चित झाल्यावर विचार करावा लागतो तो लहरींच्या स्वभावाचा. अदृश्य लहरी भिंत ओलांडतात हे १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर दाखवून दिले होते. भिंत ओलांडताना त्या किती दुबळ्या होतात, हा आपला आजचा प्रश्न आहे.

वाय-फायचे पहिले प्रमाणक १९९७ मध्ये निश्चित झाले. आज घरांत मुख्यतः दोन पट्टे वापरले जातात : २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे साडेपाच. कमी वारंवारितेची लहर अडथळ्यांतून तुलनेने अधिक पार जाते. अधिक वारंवारितेची लहर अधिक माहिती वाहते, परंतु लवकर थकते. मोकळ्या जागेतही समान अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा संकेत सुमारे ७ डेसिबलने क्षीण मिळतो.

डेसिबलचे गणित येथे समजून घेणे हिताचे आहे, कारण ते पट्ट्यांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक असते. ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी, १० ची घट म्हणजे एक दशांश, २० ची म्हणजे एक शतांश. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. मोबाइलला मिळणारा संकेत उणे आकड्यांत मोजला जातो : राउटरशेजारी उणे ३० ते ४०, चांगल्या खोलीत उणे ५०, चित्रासह सभा निर्वेध चालण्यास उणे ६७ च्या वर, आणि उणे ८० च्या आसपास जोडणी केवळ नावापुरती. अँड्रॉइड मोबाइलवर हा आकडा दाखवणारी ‘वाय-फाय अनॅलायझर’ प्रकारची विनामूल्य उपयोजने उपलब्ध आहेत.

अडथळ्यांचे मोल जाडी, ओलावा व त्यातील पोलाद यांनुसार बदलते. तरी ढोबळ अंदाजासाठी २.४ गिगाहर्ट्झवर लाकडी दार ३ ते ४ डेसिबल, विटांची भिंत ६ ते १० आणि सळयांची काँक्रीटची भिंत वा स्लॅब १५ ते २५ डेसिबल खाते, असे धरून चालावे. राउटर खालच्या मजल्यावर व अभ्यासिका वरच्या मजल्यावर असलेल्या बंगल्यात केवळ स्लॅबमुळे संकेत शंभरपट क्षीण होऊ शकतो, तो याच हिशेबाने. कोकणातील जांभा दगडाच्या जाड भिंती सच्छिद्र असतात व पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात; पाणी या लहरींचे शोषण करते. म्हणून मे महिन्यात ठीक चाललेली जोडणी जुलैत मागच्या खोलीत अडखळू लागली तर त्यात गूढ काही नाही. देशावरील जुन्या वाड्यांच्या दीड-दोन हात रुंद भिंतींबाबत ऋतूची वाटही पाहावी लागत नाही. धातूचा पत्रा, आरसा, मत्स्यपेटी व पाण्याची टाकी हे सर्वांत कठोर अडथळे होत.

घराचा संकेत-नकाशा

या माहितीचा उपयोग करण्याची एक रीत भूगोलाच्या प्रयोगवहीतून उचलता येते. घराचा साधा आराखडा आलेखपत्रावर काढावा. फरशा मोजून दर दोन मीटरवर एक बिंदू निश्चित करावा. प्रत्येक बिंदूवर मोबाइल एकाच उंचीवर धरून, थोडेसे इकडेतिकडे सरकवत तीन वाचने घ्यावीत व त्यांची सरासरी नोंदवावी. (तीन वाचने यासाठी की भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी कोठे एकमेकींस बळ देतात, कोठे मारून टाकतात, सहा सेंटिमीटर सरकल्यानेही आकडा बराच बदलू शकतो.) मग समान मूल्यांचे बिंदू जोडून दर ५ डेसिबलच्या अंतराने समोच्च रेषांप्रमाणे रेषा काढाव्यात.

हा नकाशा तासाभरात तयार होतो आणि त्यात बरेच काही वाचता येते. रेषा जेथे दाटीने येतात तेथे भिंत भारी आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस जशी पर्जन्यछाया पडते, तशीच लोखंडी कपाटामागे संकेताची छाया पडलेली दिसते. प्रस्तुत लेखकाच्या भाड्याच्या सदनिकेत जोडणी देण्यास आलेल्या तंत्रज्ञाने राउटर प्रवेशद्वाराजवळ, चपलांच्या लोखंडी कपाटामागे बसवला होता. कारण तार तेथवरच पुरत होती. नकाशात दिवाणखान्याचे मूल्य उणे ४८ आले, तर मागील खोलीतील लिहिण्याच्या मेजावर उणे ७९. घरातील सर्वांत उत्तम संकेत चपलांना व जिन्याला मिळत होता. तार ८ मीटरने वाढवून राउटर मधल्या बोळात, छाताडाइतक्या उंचीवर आणल्यानंतर त्याच मेजावर उणे ६२ मिळाले. यंत्र तेच, योजना तीच.

अँटेनांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. अँटेनाचे टोक आपल्या खोलीकडे रोखले म्हणजे संकेत तिकडे जातो, असे मानले जाते. वस्तुतः सरळ दांडीच्या अँटेनाची लहर टोकाच्या दिशेने सर्वांत कमी व बाजूंनी सर्वांत अधिक पसरते. मेदूवड्याच्या मधून काडी घातली तर काडी ही अँटेना व वडा हा तिचा प्रसार, अशी कल्पना करावी. त्यामुळे एकाच मजल्यासाठी अँटेना उभ्या ठेवाव्यात, वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी करावी.

हवेतील गर्दी

संकेत उणे ५० असूनही जोडणी डळमळते, विशेषतः संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान, अशी तक्रार सोसायट्यांतून वारंवार ऐकू येते. हा प्रश्न बळाचा नसून गर्दीचा असतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि जे परवानामुक्त ते सर्वांचे. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते. मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. तिच्या दारातून निसटणारा अल्पसा अंश पदार्थ गरम होईपर्यंत शेजारील वाय-फायचा आवाज दाबून टाकतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये दाखवून दिले की यूएसबी ३.० ची तार व बाह्य हार्ड डिस्क याही याच पट्ट्यात गोंगाट करतात. लॅपटॉपला डिस्क जोडताच वाय-फाय मंदावते, या अनुभवामागे हे कारण असते.

खरी गर्दी मात्र शेजाऱ्यांच्या राउटरांची. या पट्ट्यात चॅनेलांचे क्रमांक १ ते १३ असले तरी त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ असून एका चॅनेलला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. परिणामी एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच उरतात : १, ६ व ११. चोवीस सदनिकांच्या इमारतीत चोवीस राउटर या तीन वाटा वाटून घेतात.

वाटून घेण्याची रीत समजली की पुढचे आपोआप कळते. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांनी बेटांना रेडिओने जोडणारे ‘अलोहा’ जाल उभारले, तेव्हा प्रत्येक केंद्र मनास येईल तेव्हा बोलत असे. संदेशांच्या टकरी होत आणि अशा पद्धतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते, हे गणिताने सिद्ध झाले आहे. वाय-फायमधील यंत्रे अधिक सभ्य आहेत : आधी कानोसा घेतात, कोणी बोलत नसेल तर काही क्षण थांबतात, मग बोलतात. चर्चासत्रात एकच ध्वनिक्षेपक हातोहात फिरावा तसे हे आहे. यात संथ बोलणारा वक्ता सर्वांचा वेळ खातो. दूरच्या खोलीतील उणे ८२ संकेतावरचा जुना मोबाइल अतिशय मंद गतीने बोलतो, आणि तो बोलत असताना राउटरशेजारील नवा संगणकही गप्प बसलेला असतो. शेजारच्या घरातील यंत्रेही त्याच ध्वनिक्षेपकासाठी हात पुढे करून असतात. अशा परिस्थितीत मोठ्या अँटेनांचा राउटर आणणे म्हणजे रांगेत उभे राहून मोठ्याने ओरडणे होय. रांग त्याने पुढे सरकत नाही.

उपाय येथे स्पष्ट आहेत. मोबाइलवरील उपयोजनात १, ६, ११ पैकी सर्वांत कमी राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते पाहून आपला राउटर तेथे ठेवावा व चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ३, ४ वा ९ असे मधले क्रमांक रिकामे दिसले तरी घेऊ नयेत. त्यांना दोन्ही बाजूंचा उपद्रव होतो. काम करण्याचा संगणक शक्य तर ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त करण्यात आला असून तेथे चॅनेले पुष्कळ आहेत. शिवाय भिंत ओलांडताना त्याची लहर लवकर थकते हा दोष येथे गुण ठरतो, कारण शेजाऱ्याची लहरही आपल्यापर्यंत थकूनच पोचते. दोन्ही पट्ट्यांना राउटर एकच नाव देत असल्यास काही यंत्रे २.४ लाच चिकटून राहतात. तेव्हा दोहोंस निराळी नावे द्यावीत.

नवी खरेदी कधी करावी

स्थान व चॅनेल बदलूनही नकाशातील महत्त्वाचा बिंदू उणे ७० च्या खाली राहत असेल, तर खरेदीचा विचार रास्त आहे. त्यातही सर्वप्रथम विचार तारेचा करावा. ‘कॅट ५ ई’ प्रकारची तार १०० मीटरपर्यंत सेकंदास १ गिगाबिट वाहते, तिला भिंत अडवत नाही व शेजारीही. अध्यापकाच्या मेजापर्यंत एक तार पोचली की घरातील इतर सर्वांचे वाय-फाय जसे असेल तसे असो.

बाजारात ‘रिपीटर’ वा ‘एक्स्टेंडर’ नावाने मिळणारे यंत्र विचारपूर्वक घ्यावे. एकाच पट्ट्यावर ऐकून पुन्हा बोलणारे यंत्र प्रत्येक संदेशास दोनदा हवा व्यापायला लावते, म्हणून वेग निम्म्यावर येतो. आणि जेथे संकेत आधीच क्षीण आहे तेथे ते बसवले तर क्षीण संकेतच पुढे जातो. ते अर्ध्या वाटेवर, संकेत उणे ६० च्या आसपास असेल तेथे बसवावे. अनेक मजल्यांच्या घरास ‘मेश’ संच उपयुक्त असतो. त्याची यंत्रे तारेने एकमेकांस जोडता आली तर उत्तमच. जुना राउटर दुसऱ्या खोलीत तारेने जोडून वापरणार असाल, तर त्यातील पत्ते वाटपाची सुविधा बंद करावी. एका घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी असले की एकच पत्ता दोन यंत्रांस जाण्याचा संभव असतो, आणि मग कारण न कळणारे खंड सुरू होतात.

पुरवठादाराकडे तक्रार

दोष दुसऱ्या टप्प्यात असल्याचे ठरल्यास तक्रार ही नोंदींसह करावी. ‘नेट चालत नाही’ एवढ्या वाक्यावर समोरील कर्मचारी ‘राउटर बंद करून चालू करा’ याखेरीज अधिक काही सांगू शकत नाही. त्याच्यापुढेही तेच वाक्य दिवसभर येत असते. तारेने जोडलेल्या संगणकावरून अमुक दिनांकास अमुक वेळेत राउटरची उत्तरे नियमित असता बाहेरील शंभरपैकी इतकी उत्तरे आली नाहीत, प्रकाशाची तीव्रता इतकी होती, असे सांगितले की संभाषण निराळ्या वळणावर जाते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळणे व निराकरणाने समाधान न झाल्यास पुरवठादाराच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. क्रमांक मागितल्याशिवाय दूरध्वनी ठेवू नये.

विद्यार्थ्यांची जोडणी

आतापर्यंतचे विवेचन स्वतःचे राउटर असणाऱ्या घरास लागू पडते. आपल्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थी मात्र घरातील एकमेव मोबाइलच्या ‘हॉटस्पॉट’वर विसंबून असतात. त्यांच्याबाबत बिनतारी टप्पे एकाऐवजी दोन होतात : मनोऱ्यापासून मोबाइलपर्यंतचा व मोबाइलपासून संगणकापर्यंतचा. विद्यार्थी मोबाइल स्वाभाविकपणे स्वतःजवळ, घराच्या आतल्या कोपऱ्यात ठेवतो. त्यामुळे मनोऱ्याकडून येणारा संकेत सर्वांत क्षीण असतो, मोबाइल त्याची भरपाई म्हणून अधिक शक्तीने बोलतो, तापतो, आणि तापल्यावर स्वतःची गती कमी करतो. अर्ध्या तासाने आवाज यंत्रमानवासारखा येऊ लागतो तो बहुधा यामुळे. ‘सर, नेट गेलं’ हे वाक्य सबब आहे असे ठरवण्यापूर्वी हे लक्षात घेतले जावे. विशेषतः मौखिक परीक्षेत, जेथे उत्तरास लागलेला उशीर हा अज्ञानाचा पुरावा मानला जाण्याची शक्यता असते. पाठांतर तोकडे असलेला विद्यार्थी सलग बोलतो व चुकतो. संदेश गळत असलेल्या विद्यार्थ्याचे शब्द मधूनच कापलेले ऐकू येतात. हा फरक कान देऊन ऐकणाऱ्या परीक्षकास कळतो.

अशा विद्यार्थ्यास परीक्षेपूर्वी इतके सांगता येईल : मोबाइल मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत, सावलीत ठेवावा. शक्य असल्यास तो यूएसबी तारेने संगणकास जोडून ‘टेदरिंग’ सुरू करावे, म्हणजे दुसरा बिनतारी टप्पा नाहीसा होतो व मोबाइल चार्जही होत राहतो. परीक्षेच्या दहा मिनिटे आधी ८.८.८.८ या पत्त्यास पन्नास पिंग द्याव्यात. दोन-तीनहून अधिक उत्तरे गळाल्यास कॅमेरा बंद ठेवण्याची अनुमती मागावी. केवळ आवाजास सेकंदास १०० किलोबिटही लागत नाहीत आणि क्षीण जोडणीतही तो बहुधा पोचतो. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा सुरुवातीस एक मिनिट सुरू करून घ्यावा. ऑनलाइन परीक्षेच्या सूचनापत्रातच ही अनुमती, तसेच जोडणी पूर्ण तुटल्यास साध्या दूरध्वनीवरून परीक्षा पुढे चालवण्यासाठी एक क्रमांक, विभागाने आधी छापून द्यावा.